बर्फातले नगर आणि आशेची पट्टी

या पानांवर आजवर कथासंग्रहांची, नाटकांची, क्वचित एखाद्या चित्रपटाची परीक्षणे आली. संगणकावरील खेळाचे परीक्षण पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हांला जाणीव आहे. तथापि आपल्या घरातील तरुण मुले दार लोटून घेऊन तासन्‌तास ज्या पडद्यासमोर बसतात, त्याविषयी आपण एकच प्रश्न विचारतो : किती वेळ खेळलास? काय खेळलास, हे आपण विचारीत नाही. पुस्तकाच्या बाबतीत आपण याच्या नेमके उलट वागतो. किती वेळ वाचले हे कोणी मोजत नाही, काय वाचले याची मात्र चौकशी होते. हा न्याय खेळांनाही लावून पाहावा, एवढ्याच हेतूने आम्ही काही महिने एका विशिष्ट जातीच्या खेळांत घालविले. प्रतिकूल निसर्गात नगर वसविण्याचे हे खेळ. त्यांत बंदूक नाही, पाठलाग नाही. भाकरी, सरपण, निवारा, आजारी माणसे, कामाला जुंपलेली मुले आणि पुरायचे राहिलेले मृतदेह, असा त्यांचा ऐवज आहे. म्हणजे ख्रिस्ती माणसाने ज्याविषयी बोलावे असेच विषय त्यांत आहेत, आणि ते कसे हाताळले आहेत हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटले.

या खेळांचा मूळपुरुष ‘सिमसिटी’. विल राइट या अमेरिकन रचनाकाराचा हा खेळ 1989 साली आला. रस्ते आखावेत, वीज पुरवावी, कर बसवावा आणि नगर वाढताना पाहावे, असे त्याचे स्वरूप होते. त्यात आपत्तीही होत्या; पण कशा? पडद्यावर एक यादी असे, आणि भूकंप, पूर, आग, वादळ यांपैकी हवे ते संकट खेळाडूला स्वतःच आपल्या नगरावर सोडता येई. 1906 च्या भूकंपात सापडलेले सॅन फ्रान्सिस्को सावरण्याचा एक तयार प्रसंगही त्यात होता. म्हणजे संकट पाठविणारा आणि ते निवारणारा नगराध्यक्ष, दोन्ही आपणच. ईयोबाच्या ग्रंथातील तो दुःसह प्रश्न इथे उद्भवतच नाही, कारण राखेत बसलेला ईयोब इथे कोणी नाही. वरून पाहणारा तेवढा आहे. कंटाळा आला की भूकंप, अशी ही करमणूक होती. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. वाळूचा किल्ला बांधून तो लाथेने मोडणाऱ्या मुलालाही कोणी नावे ठेवीत नाही.

‘बॅनिश्ड’ हा 2014 सालचा खेळ मात्र निराळ्या मनोवृत्तीचा आहे. ल्यूक होडोरोविच या एकट्या गृहस्थाने तो रचला. हद्दपार झालेली काही कुटुंबे एका अनोळखी रानात येऊन पडतात, आणि त्यांनी हिवाळ्याआधी घर, धान्य व सरपण यांची तजवीज करायची, एवढीच त्याची कथा. पैसा नाही, शत्रू नाही, जिंकणे असे काही नाही. वादळ आणि आग आहेत. परंतु या खेळातील खरी आपत्ती आकाशातून येत नाही. पाच वर्षांपूर्वी आपण नवी घरे बांधायची राहिलो, म्हणून तरुणांना संसार थाटता आले नाहीत, म्हणून मुले झाली नाहीत, आणि आज शेतावर राबणारे हात सगळेच म्हातारे झाले, असा तो हळूहळू आवळत जाणारा फास आहे. आपली चूक कळते तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. प्रत्येक रहिवाशाला नाव आहे, वय आहे. म्हातारा मेला की त्याचे नाव खाली एका ओळीत येते आणि खेळ पुढे चालू राहतो. गावात प्रार्थनामंदिर बांधता येते, दफनभूमी आखता येते. त्याने गावकऱ्यांचे समाधान वाढते, दुःख हलके होते, यापलीकडे खेळ काही बोलत नाही. या मितभाषीपणाचे मोल आम्हांला पुढचा खेळ पाहिल्यावर अधिक कळले.

तो पुढचा खेळ म्हणजे ‘फ्रॉस्टपंक’. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ या संस्थेने तो 2018 साली प्रसिद्ध केला. याच संस्थेचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा 2014 सालचा खेळ वेढ्यात सापडलेल्या शहरातील सामान्य माणसांविषयी होता. साराजेव्होच्या वेढ्याची त्याला पार्श्वभूमी होती, आणि 2020 साली पोलिश सरकारने तो शाळांच्या शिफारसप्राप्त वाचनयादीत घालण्याचे जाहीर केले. खेळाला पुस्तकाच्या पंगतीला बसविण्याचा हा प्रसंग विरळाच. वॉर्सा हे नगर 1944 च्या उठावानंतर जर्मनांनी पद्धतशीरपणे जमीनदोस्त केले होते. युद्धानंतर लोकांनी ते विटेवर वीट ठेवून उभारले, आणि त्या कामी अठराव्या शतकातील बेलोत्तो या चित्रकाराच्या नगरचित्रांचाही आधार घेतला. अशा नगरातील माणसांनी ‘नगर टिकविण्यासाठी काय काय करावे’ असा प्रश्न विचारणारा खेळ रचावा, यात आम्हांला योगायोगापेक्षा काही अधिक दिसते.

कथा काल्पनिक 1886 सालातील आहे. ज्वालामुखींचे उद्रेक आणि मंदावलेला सूर्य यांमुळे पृथ्वी गोठत चालली आहे. (1815 सालच्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर 1816 साली युरोपात खरोखरच उन्हाळा असा आला नाही, पिके बुडाली आणि दुष्काळ पडला, हे जाता जाता सांगावयास हवे. कल्पनेचे बीज इतिहासातलेच आहे.) लंडन सोडून उत्तरेकडे निघालेले 80 जण एका खोल विवरात पोहोचतात. त्यांत 15 मुले आहेत. विवराच्या मधोमध कोळशावर चालणारे एक प्रचंड उष्णतायंत्र उभे आहे. त्याच्याभोवती वर्तुळाकार घरे रचायची, कोळसा आणायचा, अन्न मिळवायचे, आणि उतरत जाणाऱ्या तापमानाशी झगडायचे. खेळाडू या वस्तीचा ‘कप्तान’. त्याच्या हाती कुदळ नाही. त्याच्या हाती कायद्याचे पुस्तक आहे. या खेळाचे खरे वेगळेपण या पुस्तकात आहे. संकटाने घर कोसळते हे सगळेच दाखवितात. संकटाने कायदा कसा बदलतो, हे फार थोड्यांनी दाखविले आहे.

पुस्तक उघडताच पहिला प्रश्न मुलांचा येतो. त्यांना कामावर पाठवावे, की त्यांच्यासाठी निवारागृह उघडावे? आम्ही येथे एक कबुली देतो. पहिल्या खेपेस आम्ही पहिल्याच दिवशी मुलांच्या कामाच्या कायद्यावर सही केली. कोळसा संपत होता, माणसे कमी होती, आणि 15 जोडी हात रिकामे बसलेले डोळ्यांना खुपत होते. काम ‘सुरक्षित’ आहे, असे कायद्यातच लिहिलेले होते. सही करताना आमचा हात थरथरला नाही. तो थरथरला नाही हे आमच्या लक्षात आले ते पुढे दोन तासांनी, जेव्हा सुरक्षित कामांपुरता असलेला तो कायदा सर्व कामांना लागू करण्याची मुभा पुस्तकाने पुढे ठेवली आणि आम्ही तिचाही हिशेब मांडू लागलो. या खेळात एकदा सही केलेला कायदा मागे घेता येत नाही. ही क्रूर अट आहे. पण ती असल्यामुळेच सही ही सही राहते.

एकोणिसाव्या शतकातील गिरणीमालक हाच युक्तिवाद करीत असत : मुले काम करणार नाहीत तर कारखाना बंद पडेल, कारखाना बंद पडला तर मुलेच उपाशी मरतील. ब्रिटनमध्ये 1833 च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत कामावर घेण्यास बहुतांशी बंदी घातली, 1847 च्या कायद्याने स्त्रिया व किशोरवयीनांचा दिवस दहा तासांवर आणला. खेळातील नेहमीची पाळी दहा तासांचीच आहे. ती चौदा तासांची करण्याचा कायदा हाताशी ठेवला आहे, आणि सलग चोवीस तासांची पाळीही. म्हणजे अर्ध्या शतकाच्या लढ्याने कामगाराने जे मिळविले, ते एका थंडीच्या लाटेत, एका सहीने परत जाते. खेळातील साल 1886 आहे हे ध्यानात घेता आम्हांला त्यानंतर पाचच वर्षांनी, 15 मे 1891 रोजी निघालेल्या पोप लिओ तेरावे यांच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. 2025 साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव धारण करताना त्या परिपत्रकाचा आवर्जून उल्लेख केला. लिओ तेरावे यांनी मुलांच्या कामाविषयी लिहिताना कारखान्याच्या नफ्यातोट्याचा मुद्दा घेतलाच नाही. मुलाचे शरीर व मन पुरेसे वाढलेले नसताना त्याला कारखान्यात घालू नये, कारण कोवळा अंकुर अकाली राबविला तर खुरटतो, असा त्यांचा आशय आहे. त्यांनी सुरुवात मुलापासून केली, वस्तीपासून नव्हे.

खेळ मात्र वस्तीपासून सुरुवात करतो, आणि इथे आमचा पहिला आक्षेप आहे. तो आक्षेप खेळ निर्दय आहे असा नाही. निवारागृहाचा मार्ग खेळाने खुला ठेवला आहे, आणि तो मार्ग निवडणाऱ्याला खेळ उपाशीही मारीत नाही. आमची तक्रार उलटी आहे. निवारागृहातील मुले पुढे वैद्यांच्या किंवा अभियंत्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागतात, रुग्णालयांचा किंवा संशोधनाचा वेग वाढतो, वस्तीची आशाही वाढते. दया केली, तिचा परतावा मिळाला. खेळातील जवळजवळ प्रत्येक सत्कृत्य असे व्याजासकट परत येते. त्यामुळे काही तासांनी चांगला खेळाडू दयाळू होतो तो दया बरी वाटते म्हणून नव्हे, ती किफायतशीर आहे म्हणून. जिथे प्रत्येक दानाची पोच मिळते, तिथे दान उरतच नाही. ती गुंतवणूक होते. आपल्या श्रद्धेत ज्याला कृपा म्हणतात, जे मागितल्यावाचून आणि लायकीवाचून मिळते, ते या वस्तीत कोणालाच मिळत नाही, आणि कोणी देऊही शकत नाही.

मृतांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. थंडीने माणूस मेला की पुस्तक दोन वाटा दाखविते. एक दफनभूमीची. दुसरी, प्रेते बर्फाच्या खड्ड्यात ठेवून देण्याची, म्हणजे पुढे त्यांचे अवयव आजाऱ्यांच्या उपयोगी पडतील. दफनभूमी निवडली तर पुढे विधिपूर्वक अंत्यविधी करण्याचा कायदा येतो, आणि त्यासाठी माणसे काम सोडून जातात. दयेची सात शारीरिक कृत्ये आपण लहानपणी पाठ केली. त्यांतील सहा मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातली. सातवे, मृतांना मूठमाती देण्याचे, आपल्याला तोबितच्या ग्रंथाने दिले. निनवे नगरात राजाने मारून टाकलेल्या आपल्या बांधवांना तोबित रात्री पुरीत असे. कोणी चुगली केली, त्याला पळून जावे लागले, त्याची सारी मालमत्ता जप्त झाली. परत आल्यावर सणाच्या दिवशी भरल्या पानावरून उठून तो पुन्हा एक प्रेत पुरावयास गेला, शेजाऱ्यांनी त्याची टर उडविली, आणि त्याच रात्री अंगणात झोपला असता त्याची दृष्टी गेली. पुण्यकृत्याचा एवढा तोट्याचा हिशेब पवित्र शास्त्रातही दुसरा सहज सापडत नाही. ‘फ्रॉस्टपंक’मध्ये तोबित होता येत नाही. तिथे दफनभूमीने आशेची घसरण कमी होते, आणि ती आशा पडद्याच्या खालच्या बाजूला एका पट्टीवर दिसते.

या पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. खेळात दोन पट्ट्या सतत डोळ्यांसमोर असतात, एक आशेची आणि दुसरी असंतोषाची. आशा शून्यावर गेली किंवा असंतोष काठोकाठ भरला की लोक कप्तानाला हद्दपार करतात. (पहिल्या खेपेस आमचे तेच झाले. मुलांना कामाला लावूनही कोळसा पुरला नाही, हे विशेष.) कल्पना चतुर आहे. कोळशाइतकेच मनाचे बळही वस्तीला जगविते, हे सत्य तिने खेळाच्या यंत्रणेत आणले, आणि याचे श्रेय द्यावयास हवे. संत थॉमस अक्विनास यांनी आशेची व्याख्या करताना म्हटले आहे की आशेचा विषय असलेले हित भविष्यातले असते, मिळविण्यास कठीण असते, पण अशक्य नसते. सोपे असेल तर आशेची गरज नाही; अशक्य असेल तर निराशाच. या दृष्टीने पाहता कठीण पण अशक्य नाही अशी परिस्थिती रचण्याचे कसब या खेळाइतके आम्ही फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिले आहे.

परंतु अक्विनास तिथेच थांबले नाहीत. मनाची उभारी आणि ईश्वरी सद्‌गुण म्हणून असलेली आशा यांत त्यांनी भेद केला, आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे आशेविषयीचे ‘स्पे साल्वी’ हे 2007 सालचे परिपत्रक तर हाच भेद सविस्तर उलगडते : छोट्या छोट्या आशा माणसाला दिवसामागून दिवस चालवतात, पण त्यांना पेलून धरणारी एक मोठी आशा लागते, आणि ती आपण निर्माण करू शकत नाही. खेळातील आशा निर्माण करता येते. ती सत्ताधाऱ्याच्या कारखान्यात तयार होते. एक सभा, एक वचन, एक प्रार्थनागृह, आणि पट्टी वर सरकते. लोकांच्या अंतःकरणात काय आहे याची दखल खेळ तेवढ्यापुरतीच घेतो, जेवढी कप्तानाच्या खुर्चीला उपयोगी पडेल.

इथून खेळाचा सर्वांत धीट भाग सुरू होतो. विंटरहोम नावाचे दुसरे नगर नष्ट झाल्याचे वर्तमान येते. लोक खचतात. ‘लंडनकर’ म्हणविणारा एक गट परत जाण्याची भाषा बोलू लागतो. तेव्हा पुस्तकात एक नवा भाग उघडतो, आणि कप्तानाने दोहोंपैकी एक वाट धरायची असते : शिस्तीची किंवा श्रद्धेची. आम्ही साहजिकच श्रद्धेची धरली. प्रार्थनागृह उभे राहिले. सायंप्रार्थना सुरू झाल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे गृह उघडले, आणि काही काळ आम्हांला खरोखर बरे वाटले, जणू एखाद्या गोठलेल्या धर्मग्रामात दिवे लागले होते. मग पुस्तकाची पुढची पाने आली. श्रद्धेचे रक्षक नेमण्याचा कायदा. सार्वजनिक प्रायश्चित्ताचा कायदा. शेजाऱ्याच्या पापाची वर्दी देण्याचा कायदा. पुढे कप्तान हाच सत्याचा रक्षक ठरतो, आणि शेवटच्या पानावरच्या ‘नव्या श्रद्धे’नंतर आशेची पट्टी लागतच नाही. जिथे प्रश्न विचारणे हेच पाप ठरते, तिथे लोकांना आशा आहे की नाही याची शासनाला फिकीर उरत नाही. ही कल्पना ज्याला सुचली, त्याला अधर्माविषयी बरेच काही कळलेले आहे.

काही वाचकांना यात धर्माची निंदा दिसेल. आम्हांला ती दिसली नाही, कारण इतिहासाने असे घडताना पाहिले आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, लिस्बनमधील चर्चेस भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र नगरात शिरला आणि मग आग लागली. गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूने 1756 साली पुस्तिका लिहून सांगितले की हा देवाचा कोप आहे, आणि पश्चात्ताप सोडून झोपड्या उभारण्यात गुंतलेल्या लोकांची त्याने कानउघाडणी केली. दुसऱ्या बाजूला होता पुढे पोम्बालचा मार्किस म्हणून ओळखला गेलेला मंत्री. त्याने लुटारूंसाठी वधस्तंभ उभारले, सरळ रुंद रस्त्यांचे नवे नगर आखले, भूकंपात टिकतील अशा लाकडी सांगाड्यांची घरे बांधविली. खेळाच्या परिभाषेत बोलायचे तर एकाने श्रद्धेचे पुस्तक हाती घेतले, दुसऱ्याने शिस्तीचे. 1759 साली येशूसंघीयांना पोर्तुगालमधून आणि त्याच्या सर्व मुलुखांतून, त्यात गोवाही आला, हाकलण्याचा हुकूम निघाला. 1761 साली पोम्बालच्या मुठीत असलेल्या धर्मन्यायसभेने मालाग्रिदाला पाखंडी ठरविले आणि त्याला गळा आवळून मारून जाळण्यात आले. श्रद्धेचेच न्यायालय शिस्तीच्या हाती साधन झाले. ‘फ्रॉस्टपंक’च्या रचनाकारांनी दोन वाटा वेगळ्या दाखविल्या, लिस्बनमध्ये त्या एकाच चौकात येऊन मिळाल्या.

तेव्हा आमचा आक्षेप श्रद्धेचे विकृत रूप दाखविल्याबद्दल नाही. विकृत होण्यापूर्वीचे रूपही खेळाला ठाऊक नाही, हा आहे. त्याच्या प्रार्थनागृहात प्रार्थना होते, तिचा परिणाम मोजला जातो. ती कोणाला उद्देशून आहे याच्याशी खेळाच्या गणिताला कर्तव्य नाही. सायंप्रार्थनेपासून वधापर्यंतचा रस्ता एकाच उताराचा आहे, कारण पहिल्या पायरीवरही श्रद्धा हे कप्तानाचे साधनच होते. ज्या श्रद्धेने कप्तानालाच जाब विचारावा, राजासमोर उभे राहून ‘तू चुकलास’ म्हणणाऱ्या नाथान संदेष्ट्यासारखा कोणी उठावा, अशी सोय या नगरात नाही. वस्तीत एकही धर्मगुरू असा नाही की ज्याचे ऐकणे कप्तानाला भाग पडेल. पोलंडमध्ये, जिथे 1980 नंतरच्या दशकात सत्तेला जाब विचारणाऱ्या कामगारांच्या पाठीशी चर्च उभे राहिले, तिथल्या रचनाकारांच्या कल्पनेतून हेच पात्र निसटावे, याचे आम्हांला नवल वाटते.

खेळाच्या अखेरीस महावादळ येते. तापमान उणे शंभर अंशांच्याही खाली उतरते, शिकार थांबते, साठविलेल्या अन्नावर आणि कोळशावर दिवस काढायचे असतात. वस्ती तगली तर पहिल्या झोपडीपासून अखेरच्या दिव्यापर्यंत नगर कसे वाढले याचे भरभर सरकणारे चित्र दिसते, आणि त्यावर तुम्ही केलेल्या कायद्यांची उजळणी. मर्यादा ओलांडली असेल तर शेवटी प्रश्न येतो : एवढे सारे करून जे वाचले, ते त्या किमतीचे होते का? या प्रश्नाची फार वाखाणणी झाली आहे. आमचे मत जरा वेगळे आहे. प्रश्न बोचतो खरा, पण तो विचारला आहे बाजाराच्याच भाषेत. किंमत, मोबदला, परवडणे. सदसद्विवेक जागा होतो तेव्हाही हिशेबाची वही मिटत नाही. आमच्या पहिल्या दिवशीच्या त्या सहीविषयी आम्हांला पुढे जे वाटले, ते ‘सौदा महाग पडला’ असे वाटणे नव्हते.

2024 साली आलेल्या दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात. तीस वर्षे लोटली आहेत, कप्तान वारला आहे, कोळशाची जागा तेल घेऊ पाहते, आणि आता शंभर प्रतिनिधींच्या सभेत मते जुळवून कायदे करावे लागतात. राजकारणाचे चित्रण अधिक प्रौढ आहे. परंतु वस्ती हजारोंची झाली आणि माणूस मात्र दिसेनासा झाला. पहिल्या भागात बर्फातून वाट तुडवीत कामावर जाणाऱ्या कोणावरही बोट ठेवले की त्याचे नाव कळे. इथे दिवसांऐवजी आठवडे सरकतात आणि माणसांऐवजी मोहल्ले दिसतात. आम्ही तो पुरा केला नाही.

लहान मुलांच्या हाती द्यावा असा ‘फ्रॉस्टपंक’ नव्हे. ज्या घरात महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, त्या घरात आईवडिलांनी शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि पहिल्या सहीच्या वेळी काय होते ते पाहावे. इंग्रजी वाचता आले म्हणजे पुरे. मजकूर बराच आहे, आणि तो बरा लिहिला आहे. घाई असेल त्याने ‘बॅनिश्ड’पासून सुरुवात करावी. त्यात उपदेश नाही, आणि एक हिवाळा सरपणावाचून काढला की जंगल का राखावे हे कोणी शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही निवारागृह उघडले, दफनभूमी आखली, श्रद्धेच्या पुस्तकाची पहिली काही पाने घेऊन पुढची मिटून ठेवली. वादळाच्या तोंडावर निर्वासितांचे जथे आले. त्यांतले बरेच आजारी होते. सर्वांना घ्यावे, केवळ धडधाकटांना घ्यावे, की परत पाठवावे, असे विचारले गेले. कोठारात अन्न बेताचे होते आणि रुग्णालये भरलेली होती. आम्ही बराच वेळ कागदावर बेरजा-वजाबाक्या करीत बसलो. शेवटी कागद बाजूला ठेवून सर्वांना आत घेतले. वादळाच्या अखेरच्या दिवसांत कोठार रिकामे झाले. किती जण दगावले तो आकडा खेळाने दाखविला, तो आम्ही इथे देत नाही. निर्वासितांपैकी कोण वाचले आणि आमच्यांपैकी कोण गेले, हे शोधण्यासाठी आम्ही मग बराच वेळ एकेका माणसावर बोट ठेवून नावे वाचीत बसलो. नावांवरून ते ओळखू येत नव्हते.